सुतकातली विहीर

सदरा माझ्या हातात राहिला आणि सदा विहिरीत उतरला.

मी त्याला पाठीमागून दोन्ही मुठींनी धरलं होतं. "थांब रे मेल्या, कमरेला दोर तरी बांध," असं ओरडत होते. त्याने ऐकलं नाही. कापड जुनं, उन्हाने विरलेलं. बगलेपासून टरकलं, तो त्यातून निसटला आणि दगडांच्या खोबणींत पाय देत उघड्या अंगाने खाली गेला. खाली त्याचा थोरला भाऊ नामा होता. मघापर्यंत तो गाळाने पाटी भरत होता, भरली की दोराला हिसका देत होता, आणि आम्ही वरून ओढून घेत होतो. मग हिसका आलाच नाही. हाक मारली, उत्तर नाही. वाकून पाहिलं तर तो तळाला, गाळात, एका कुशीवर पडलेला. दुपारची झोप लागल्यासारखा.

सदा निम्म्यावर पोहोचला. तिथे जुन्या बांधकामाचा एक टप्पा आहे, माणूस उभा राहील एवढा. त्यावर पाय ठेवून त्याने "दादाऽ" अशी एक हाक मारली आणि भिंतीला टेकून खाली बसला. मग त्याची मान पडली.

काठावर आता आम्ही तिघं उरलो. त्या दोघांचा म्हातारा बाप आबा, नामाची बायको वच्छी, आणि मी. मी त्यांची कोणी नव्हे. सोलापूरहून कोल्हापूरला सायकलवर निघालेली साठीची बाई. माझी सायकल पलीकडे लिंबाखाली उलटी उभी होती आणि पुढच्या चाकाची ट्यूब बाहेर लोंबत होती.

वच्छीने पदर खोचला. ती काय करणार ते मला कळलं. मी तिच्या मुस्कटात मारली. ती पडली तशी तिच्या पायांवर बसले.

सोलापूर ते सांगोला

मला कोल्हापूर बघायचं होतं. एवढंच. नवस नव्हता, कोणाचं लग्न नव्हतं. एस.टी.त मला उलटी होते, बस आगारातून बाहेर पडायच्या आत होते. आगगाडीने जायचं तर कुर्डुवाडीला उतरून मिरजेची छोटी गाडी धरायची, आणि तीही धक्के देतच जाते. सायकलवर मला काही होत नाही. आमचं सायकलचं दुकान होतं, भाड्याने द्यायच्या आणि पंक्चर काढायचं. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात नवऱ्याला मदत करता करता मागच्या बोळात कैंची मारत शिकले. नवरा गेल्यावर दुकान मीच चालवलं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की दांडीची सायकल बाईला काही अवघड नाही. अवघड असतात ते बघणारे.

दुष्काळाचं साल होतं. सून म्हणाली, "अहो, लोक पाण्याला महाग झालेत आणि तुम्ही फिरायला निघालात?" मी म्हटलं, "मी घरी बसले म्हणून पाऊस पडणार आहे का?" मुलाने मागचं टायर नवं घालून दिलं. हँडलला छागल अडकवली. कॅनव्हासची ती पाण्याची पिशवी वाऱ्याने गार राहते. कॅरियरला एक लुगडं, भाकरी, चटणी, पंप आणि पंक्चरचं सामान. निघाले.

गिरण्यांची धुराडी मागे पडेपर्यंत रस्ता ओळखीचा. पुढे दोन्ही बाजूंना शेतं होती, पण त्यांत काही नव्हतं. कडब्याचं एक ताट नाही. झाडांचा पाला जनावरांसाठी ओरबाडून नेलेला, त्यामुळे बाभळी उघड्या. हिरवा फक्त कडुलिंब. त्याला जनावर तोंड लावत नाही, म्हणून तो राहिला होता. भीमेच्या पुलावर थांबले. खाली नदी नव्हती, वाळू होती. वाळूत बायका खड्डे काढून बसल्या होत्या. खड्ड्यात पाणी झिरपायची वाट पाहायची, वाटीने घागरीत घ्यायचं, पुन्हा वाट पाहायची. मी पुलावरून विचारलं, "किती वेळ लागतो गं घागरीला?" एक जण वर न बघता म्हणाली, "तुमी कोल्लापूरला जाऊन याल तवर भरंल." मी कोल्हापूरला निघाले हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आपलं लांबचं गाव म्हणून घेतलं असेल.

मंगळवेढ्याला एका देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. शेजारी एक म्हातारी होती. तिने आपल्याजवळची लाल मिलोची भाकरी मला दिली. मी माझी शेंगांची चटणी तिला दिली. मिलो म्हणजे दुष्काळात बाहेरच्या देशातून आलेली ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं नाव आमच्या सोलापुरात जेवताना घेतात, आणि त्याच गावात माणसं मिलो खात होती. ती भाकरी थापली की चिरते आणि खाल्ली की घशात अडकते. म्हातारीने विचारलं, "बाई, तुला कोन न्हाय का घरी?"

"आहेत की. मुलगा, सून, नातवंडं."

"मग अशी का भटकतीस?"

"आहेत म्हणूनच."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

सांगोल्यात टँकर आला होता, म्हणजे येणार होता. हंडे रांगेत होते, माणसं सावलीला. ज्यांच्याकडे हंडाही नव्हता त्यांनी दगड ठेवले होते, आणि दगडाचा नंबर कोणी मोडत नव्हतं. आमच्या पेठेत नळाला पाणी आलं की पहिल्यांदा भांडण येतं, मग पाणी. इथे भांडायलाही कोणाच्या अंगात जोर नव्हता. ती शांतता मला आवडली नाही.

वस्तीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगोला सोडून मिरजेच्या रस्त्याला लागले. वारा समोरून. गाव मागे पडल्यावर खडी फोडायचं दुष्काळी काम लागलं. पुष्कळ बायका-माणसं रस्त्याच्या कडेला बसून दगड फोडत होती. त्यांच्यापुढे बऱ्याच अंतरावर पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंक्चर काढायला सावली हवी, म्हणून सायकल ढकलत रस्त्यापासून थोडी आत दिसणाऱ्या वस्तीवर गेले. दोन खोपटी, एक मोठा लिंब, आणि लिंबापलीकडे विहीर.

वच्छीने मला अर्धा तांब्या पाणी दिलं आणि आधीच सांगून टाकलं, "पेण्यापुरतं हाय बगा मावशी. चाकाला न्हाय."

ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा बघतात हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, "चाकाला नकोच." ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठाजवळून फिरवली की बारीक फुंकर लागते. ती लागली तिथे खूण केली.

हे बघायला दोघं भाऊ आले. नामा तिशीचा, अंगाने दांडगा, सतत बोलणारा. सदा त्याच्याहून बराच लहान, लग्नाचा, भाऊ बोलेल त्यावर हसणारा.

"मावशे, कुठनं आलीस म्हनायची?"

"सोलापूर."

"ह्या सायकलीवर?"

"खांद्यावर घेऊन नाही आले."

"आन म्हातारा कुटं सोडला?"

"मसणात."

सदा खो खो हसला. नामाने कानाला हात लावला. "चुकलो बाई. सदा, बायकू करशील तर असली बग. रस्त्यात चाक बसलं तर खाली उतरून तीच ढकलंल, तू आपला कॅरेलवर बस."

"आरं ए," खोपटाच्या दारातून आबा ओरडले, "घरात सुतक हाय आन दात काय काढतायसा?"

तेव्हा मला कळलं. आबांचा चुलतभाऊ वारला होता. सगळे तिकडे गेले होते, तिसरा करून कालच परत आले. जाताना शेरडं-करडं पडू नयेत म्हणून विहिरीचं तोंड बाभळीच्या काटेरी फांद्यांनी गच्च झाकून गेले होते. आज सकाळी त्या काढल्या. आता गाळ काढायचा होता. विहिरीत पाणी म्हणाल तर नव्हतं. तळाला ओला गाळ होता. तो पाटीने वर ओढायचा आणि फडक्यात बांधून टांगायचा. खाली घागर ठेवली की थेंब थेंब गळतं. तेच त्यांचं पाणी. टँकर रस्त्यावर यायचा, आठवड्यातून कधी तरी, आणि कधी तरी नाहीच.

मी पॅच लावला, वर सायकलचा पाना ठेवून दाबला आणि तो सुकेपर्यंत विहिरीकडे गेले. काठाला सात लहान दगड मांडले होते, शेंदूर लावलेले. साती आसरा, पाण्यातल्या देवी. शेजारी भिंतीत एक कोनाडा, काजळीने काळा झालेला, पण रिकामा.

वच्छीला विचारलं, "इथे दिवा लावता?"

"लावतो न्हाय, सोडतो," ती म्हणाली. "रोज इहिरीत उतरायच्या आदी दिवा पाटीत ठिवून तळापातूर सोडायचा. तेवता वर आला, की आसरांची रजा मिळाली. मग मानूस उतरनार. इझला, तर त्या दिशी पाय न्हाय घालायचा. त्यास्नी नको असतंय."

"आणि आज?"

"सुतकात दिवा कसा चालंल, मावशी? देवीला इटाळ व्हईल की."

मला यात काही चुकीचं वाटलं नाही. आमच्याकडेही सुतकात देवाला दिवा लावत नाहीत, शेजारच्यांना सांगतात. इथे शेजारी कोण? ओसाड रान. सदा मात्र म्हणाला, "दादा, सुतक फिटूस्तवर थांबू या का?"

"थांब की," नामा म्हणाला, "आन तवर काय पेशील, मावशीच्या चाकातली हवा?"

त्याने टोपी काढून वच्छीच्या हातात दिली, सात दगडांना लांबूनच हात जोडले आणि उतरला. खोबणी त्याच्या पायांना पाठ होत्या. खालून तो बोलतच होता. गाळाला वास मारतोय म्हणाला. मावशीला म्हणावं ओढायला ये, फुकट सावली देत नसतो आमी, म्हणाला. मी गेले. आबांच्या एका हातात जोर नव्हता, म्हणून दोरावर सदा, वच्छी आणि मी. पहिली पाटी आली. दुसरी आली. गाळ काळा, थंड, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ओल्या मातीचा वास आला. वच्छीने मूठभर उचलून गालाला लावला आणि हसली. आणखी दोन-तीन पाट्या आल्या. मग दोर ढिलाच राहिला.

पुढचं वर लिहिलं आहे.

खडीच्या कामावर

वच्छी माझ्याखाली तडफडत होती. मी म्हटलं, "तू वर राहिलीस तर दोर ओढायला माणूस आहे. खाली गेलीस तर तिसरं मढं. बघ, काय करायचंय ते ठरव." ती थांबली. मी उठले. ती काठावर पालथी पडून खाली ओरडायला लागली, "अवं! अवं, ऐकलं का! अवं!"

मी म्हटलं, "नावाने हाक मार की! 'अवं'ला कोण ओ देणार?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग तोंड विहिरीत घालून ओरडली, "नामदेवाऽ!" विहिरीने ती हाक परत दिली. खालून काही नाही.

"इहीर लागली," आबा म्हणाले. त्यांच्या तरुणपणी दुसऱ्या एका गावी त्यांनी हे पाहिलं होतं. खाली वाईट हवा साठते, माणूस श्वास घेतो तीच घेतो आणि पडतो. "लिंबाचं डहाळं तोडा. दोराला बांधून खालवर करा. हवा हालली पायजे. आन मानसं आना, मानसं!"

माणसं खडीच्या कामावर होती. तिथे जायला सायकलशिवाय दुसरं काही नव्हतं.

ट्यूब चाकात घालायला मला दुकानात वेळ लागत नाही. गिऱ्हाईक विडी पेटवतं तेवढ्यात होतं. त्या दिवशी टायर रिमवर बसेना. बोटं गाळाने निसटत होती. पॅच पुरता सुकला नव्हता हे मला ठाऊक होतं. हवा भरली आणि निघाले. मागे वच्छी लिंबावर चढलेली दिसली. एका हाताने फांदीला धरून दुसऱ्या हाताने डहाळे मोडत होती.

वारा आता पाठीवर होता, तेवढंच बरं. रस्ता तापून मऊ झालेला, टायर चिकटत होतं. अर्ध्या वाटेत पॅच सुटला. फुस्स झालं आणि हँडल जड झालं. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना शिव्या दिल्या आहेत, बसलेल्या चाकावर सायकल चालवू नका, टायर जातं, ट्यूब जाते, रिम जाते. मी चालवली. आधी टायर फाटून बाजूला पडलं, मग नुसत्या रिमवर. तो आवाज मला अजून ऐकू येतो. दगडावरून लोखंड घासत जातं तो. दोनदा पडले. गुडघा फुटला. त्याचं काही नाही.

कामावर पोहोचले आणि सायकल तिथेच सोडून दिली. एका बाईने हातोडा टाकला आणि मला धरलं. मी म्हटलं, "लिंबाची वस्ती. विहिरीत दोन माणसं."

पुढचं मला सांगावं लागलं नाही. यल्लप्पा नावाचा एक वडार उठला. दगडाचं काम करणारा, विहिरी खणलेला माणूस. त्याने खडीचा ट्रक सुरू करायला सांगितलं, दोरखंड टाकले, आणि त्या सगळ्या बायका-माणसांच्या पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं त्याकडे बोट करून म्हणाला, "हे पण पायजे." दिवस अजून निम्मा जायचा होता. उन्हात दगड फोडायचे होते. तरी दोघींनी पिंपाला हात लावून ते ट्रकात चढवलं.

मीही ट्रकात बसले. वळणावर उलटी झाली. फळीवरून वाकून ओकले आणि तशीच उभी राहिले.

दिवा

वच्छी आणि आबा लिंबाचा भारा दोराला बांधून खालवर करत होते. वच्छीच्या तळहातांची सालं गेली होती. सदा टप्प्यावर तसाच बसलेला, नामा तळाला तसाच.

यल्लप्पाने वाकून बघितलं आणि विचारलं, "दिवा हाय काय, दिवा? पयला दिवा सोडायला पायजे."

वच्छी आबांकडे बघायला लागली. आबा म्हणाले, "सुतक..." मग म्हणाले, "लाव."

तिने घरातून दिवा आणला. तिचे तळहात सोललेले, म्हणून काडी मी ओढली. गाळाच्या पाटीतच दिवा ठेवला आणि यल्लप्पाने हळूहळू दोर सोडला. सगळे काठाला वाकले. ज्योत टप्प्यापर्यंत गेली. तिथे बारीक झाली, पण राहिली. त्याच्या जरा खाली गेली आणि कोणी फुंकर मारावी तशी विझली.

"सकाळीच इझला असता," आबा म्हणाले. "सोडला असता तर सकाळीच इझला असता."



यल्लप्पाने हिशेब केला. टप्प्यापर्यंत जाता येतं, त्याखाली नाही. कमरेला दोरखंड बांधला, तोंडावर ओलं फडकं गुंडाळलं आणि उतरला. चार गडी दोर धरून. त्याने सदाच्या बगलांखालून दोर घातला, हिसका दिला आणि गड्यांनी सदाला आणि त्याला वर ओढलं. सदाचे ओठ निळे होते. त्याला पालथा घातला, पाठ चोळली, कोणी पाय चोळले. मी त्याच्या तोंडात बोट घालून जीभ पुढे ओढली. दुकानासमोर एकदा एका फीट आलेल्या पोराला तसं करताना पाहिलं होतं. किती तरी वेळ काही नाही. मग तो ओकला, माझ्या लुगड्यावर, आणि कण्हला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला एक शिवी दिली.

आता नामा. हवा हलवायची तर पाणी फेकायला हवं, वरून जोराने. पिंपातलं पाणी बादलीने फेकलं, सगळं. माझी छागल रिकामी केली. यल्लप्पा म्हणाला, "अजून." वच्छी उठली, टांगलेल्या फडक्याखालची घागर उचलली. सकाळपासून थेंब थेंब गळलेलं पाणी, तळाला जेमतेम होतं. तेही तिने विहिरीत ओतलं. विहिरीतलं विहिरीत गेलं. पुन्हा डहाळे हलवले. पुन्हा दिवा सोडला, पुन्हा विझला. पुन्हा हलवलं, आळीपाळीने, हात सुटेपर्यंत. शेवटी दिवा तळाला टेकला आणि तेवत राहिला. नामाच्या शेजारी, गाळात. त्या उजेडात त्याचं तोंड मला नीट दिसलं, आणि यल्लप्पा त्याला आणायला उतरायच्या आधीच मला कळलं.

वर आणला तेव्हा त्याचा एक गाल स्वच्छ होता आणि एक गाळाने माखलेला. अंघोळ घालायला वस्तीवर पाण्याचा थेंब उरला नव्हता. वच्छीने गाळ गाळायचं तेच ओलं फडकं घेतलं, त्याने तोंड पुसलं, मान पुसली, हात पुसले. टोपी सकाळपासून तिच्या कमरेला खोचलेली होती. ती त्याच्या डोक्यावर घातली, आणि सरळ केली.

रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मावशी, आदीचं सुतक आन हे सुतक, दोनी येकदमच फिटत्यात, का येगयेगळं धरायचं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "एकच धर."

संध्याकाळच्या आत उरकलं. लाकडं कमी पडली, तेव्हा विहिरीचं तोंड झाकायच्या काटेरी फांद्या होत्या, त्याही त्यात गेल्या.

कोल्हापूर, आणि परत

सांगोल्याला ट्रकाने नेऊन सोडलं. तिथे रिम, टायर, ट्यूब नवी घातली आणि दोन दिवसांनी पुन्हा निघाले. मला लोकांनी विचारलं, एवढं झाल्यावर तुम्ही पुढे कशाला गेलात? घरी परत जाऊन काय करणार होते? मी काही त्यांच्या भावकीतली नव्हते, आणि सुनेला हे सगळं सांगत बसण्यापेक्षा पायडल मारणं सोपं होतं.

कोल्हापूरबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. देऊळ मोठं आहे. माणसं गोड बोलतात आणि तिखट खातात. रंकाळ्याच्या काठी उभी राहिले. तळ आटलेला असेल म्हणून गेले होते, पण पाणी होतं, पुष्कळ होतं, आणि पोरं त्यात खडे मारत होती. एवढं पाणी एका जागी पाहून मला आनंद होईल असं वाटलं होतं. राग आला. थांबले नाही.

परत येताना वस्तीवर गेले. लिंब एका बाजूने बोडका झाला होता. कोनाड्यात दिवा होता. नामाचं सुतक चालू होतं, तरी होता. आबांनी सांगितलं होतं, आता काहीही असो, दिवा सोडल्याशिवाय उतरायचं नाही. देवीला विटाळ झाला तर तिने मला बघून घ्यावं, म्हणाले.

सदा विहिरीत होता. गाळ काढत होता. दुसरं कोण काढणार? दोरावर वच्छी होती. मला बघून तिने मान हलवली, पण दोर सोडला नाही. मी जाऊन तिच्यामागे दोर धरला. खालून आवाज नव्हता. पूर्वी खाली उतरलेला माणूस सगळा वेळ बोलायचा, हा बोलत नव्हता, म्हणून वच्छी दर थोड्या वेळाने वरून विचारायची, "भावजी?" आणि तो खालून म्हणायचा, "हाय."

पाटी वर. "भावजी?" "हाय."

तो वर आला तेव्हा मी त्याला माझ्याकडे राहिलेला तो सदरा दिला. कोल्हापुरात एका शिंप्याकडून बगल शिवून घेतली होती. त्याने तो घेतला, शिवण बोटाने चाचपली आणि घडी करून खोपटाच्या वळचणीला खोचून ठेवला. घातला नाही. मला म्हणाला, "मावशी, तू अजून जोरात धरायला पायजे हुतंस." मग म्हणाला, "धरलं असतंस तरी मी गेलोच असतो."

वच्छीने अर्धा तांब्या पाणी दिलं. मी ते प्याले आणि सोलापूरचा रस्ता धरला.

त्या दिवशी त्या विहिरीत दोघं भाऊ उतरले. धाकटा वाचला.